एकच विडी

धोंडीरामचा डावा पाय गुडघ्याखाली कापला त्याला आठवडा झाला होता. विडीने पायाच्या रक्तवाहिन्या बंद केल्या होत्या. "आता एकसुद्धा ओढू देऊ नका, नाहीतर उजवा पायही जाईल," असं डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, हौसाला, बजावलं होतं.

दोन वर्षांत हौसाने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. त्याच्या दंडावर निकोटिनच्या पट्ट्या चिकटवल्या, च्युइंगम चघळायला दिलं, यंत्रमागावरच्या कामाचा खाडा करून त्याला दर सोमवारी समुपदेशनाला नेलं. एकदा तर तो अडीच महिने विडीशिवाय राहिला. तिने गल्लीत पेढे वाटले. मग यंत्रमागावर कुणीतरी त्याच्यापुढे एक विडी केली, आणि सगळं पहिल्यासारखं झालं.

आज सकाळी दवाखान्याच्या आवारात, चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याने तिचा पदर धरला. "हौसा, एकच आण. पाया पडतो तुझ्या."

"अवो, बाईंनी आता नव्या गोळ्या दिल्यात. जरा कळ काढा की."

"न्हाई निघत गं."

त्याचे हात थरथरत होते. तासभर तिने ते आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले. थरथर थांबेना. शेवटी ती उठली, फाटकाबाहेरच्या टपरीवर गेली आणि विडी पेटवूनच घेऊन आली. पेटवताना ठसका लागून तिचे डोळे भरले होते.

तिच्या बोटांतली विडी पाहून धोंडीरामने तोंड फिरवलं.

"तू कशाला आणलीस?" तो म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.