एकदा पाणी, दोनदा निरोप

नानांच्या उशाशी कंप्युटर होता आणि पडद्यावर एकच बटण. माउसने एकदा क्लिक केलं की नर्स पाणी आणायची. दोनदा केलं की कायद्याने मान्य केलेला निरोप, मनगटावरच्या न निघणाऱ्या पट्ट्यातून, वेदनेशिवाय.

"मरायला आता वशिला लागत नाही, बोट पुरतं," असं नाना गमतीने म्हणायचे.

त्यांच्या मुलीला, शाल्मलीला, हसू येत नसे. तो प्रोग्राम तिनेच लिहिला होता. पहिल्या क्लिकला टायमर सुरू व्हायचा आणि तो संपायच्या आत दुसरा क्लिक आला, की माणसाने ठरवलं असं धरायचं. चाचणी ऑफिसातल्या तरण्याताठ्या पोरांनी केली होती. कुणाचंही बोट चुकलं नव्हतं.

दुपारी नानांना तहान लागली. ती उठली, तसे ते म्हणाले, "बस गं तू. एवढं तर जमतं मला."

त्यांचं कंपवाताचं बोट माउसवर टेकलं, निसटलं, पुन्हा टेकलं.

'आपला निर्णय नोंदवला आहे,' पडद्यावर अक्षरं आली. मनगटावरचा पट्टा बारीक घुरघुरू लागला.

"आलं वाटतं पाणी," नाना म्हणाले.

शाल्मलीने माउसवर झडप घातली. रद्द करायची सोय होती, तीही तिनेच लिहिलेली. एक क्लिक केला की रद्द, दोन केले की कायम.

तिने बोट उचललं. ते नानांच्या बोटासारखंच थरथरत होतं.