कोपऱ्यावरची भट्टी

“सही कर ताई. अख्खं शहर तुझ्या एका सहीसाठी खोळंबलंय,” सर म्हणाले.

ताईने पिठाचे हात अ‍ॅप्रनला पुसले. कागदाकडे न बघता तिने भट्टीकडे बघितलं. विटांची ती भट्टी तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी रचली होती. तो जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण भट्टी एक दिवस विझली नव्हती. याच भट्टीच्या पावावर तिने दोन मुली मार्गी लावल्या. त्याच्याही आधी, आई गेली तेव्हा, नऊ वर्षांच्या धाकट्या भावाला इथेच आणून वाढवलं होतं. तो भाऊ आता समोर पेन उघडून उभा होता.

शहराला हॉकीची व्यावसायिक टीम हवी होती. लीगमध्ये जागा एकच उरली होती आणि ती मागणारी शहरं दोन, हे एक आणि दुसरं बंदराचं. सरांनी एकतीस वर्षं शाळेत हॉकी शिकवली. हाताखालून एकापेक्षा एक पोरं तयार झाली आणि गेली ती गेलीच. पुढे टीव्हीवर दिसायची, परक्या शहरांच्या जर्सीत. एकदा तरी आपल्या शहराची जर्सी बघून डोळे मिटायचे, असं सर म्हणत. म्हणून ते मैदान समितीचे अध्यक्ष झाले. मैदान वाढवायला गल्लीतली अकरा घरं जाणार होती. दहा जणांनी नुसत्या सरांच्या शब्दावर सह्या दिल्या. अडून बसली ती सख्खी बहीण.

“सामान हलवता येतं रे धाकट्या. भट्टी उचलून नेता येत नाही.” वर्षभर तिचं एकच उत्तर होतं.

समितीत कुजबुज सुरू झाली. ज्याचं घरात चालत नाही, तो शहराचं काय चालवणार? हळूहळू ताईच्या दुकानात गिऱ्हाईक येईनासं झालं. समोरचा न्हावीसुद्धा पाव आणायला दोन गल्ल्या पलीकडे जाऊ लागला. सरांनी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. कुणाला अडवलंही नव्हतं.

“तुझ्या वाटेत मी आडवी आले, असं उद्या कुणी म्हणायला नको,” ताई म्हणाली आणि तिने सही केली.

गुरुवारी मशीन आलं. पहिल्याच दणक्यात भट्टीचं तोंड फुटलं आणि आतून निखारे बाहेर सांडले. चालवणारा दचकून खाली उतरला.

“अहो आजी, निदान विझवायची तरी होतीत!”

“सवय नाही हो,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लीगचा निरीक्षक आला. त्याने मोकळा झालेला कोपरा मोजला, चारही बाजूंनी फोटो काढले आणि सरांची पाठ थोपटली. “याला म्हणतात काम!” शहर हरखून गेलं. दुकानांच्या काचांत हॉकी स्टिका झळकल्या. टीमचं नाव काय ठेवायचं यावरून दोन सख्ख्या शेजाऱ्यांची जुंपली. सरांना रस्त्यात जो तो थांबवून हात मिळवू लागला.

ताई सरांच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली. जुन्या सवयीने पहाटे तिला जाग यायची. मळायला काही नसायचं. मग ती पलंगाच्या कडेवर हात मांडीत घेऊन उजाडेपर्यंत बसून राहायची. भावाच्या बायकोने एकदा विचारलं, “काही दुखतंय का वन्सं?” ती म्हणाली, “छे, कुठे काय?”

तिसऱ्या आठवड्यात, शाळेच्या खेळाच्या खोलीत सर चेंडू मोजून पेटीत भरत असताना फोन वाजला. निरीक्षक होता.

“सर, मुद्दाम आभार मानायला फोन केला. टीम बंदराच्या शहराला गेली.”

सरांनी हातातला चेंडू पेटीत ठेवला. “पण आमचं तर सगळं तयार होतं.”

“तेच तर! तुम्हाला म्हणून सांगतो, आमचा डोळा पहिल्यापासून बंदरावरच होता. पण ते लोक मैदान द्यायला वर्षभर टाळाटाळ करत होते. तुमच्या त्या मोकळ्या कोपऱ्याचे फोटो दाखवले मात्र, दुसऱ्या दिवशी सुतासारखे सरळ. तुमच्या बहिणीची जागा होती ना ती? त्यांनाही आमचे आभार सांगा.”

सर घरी आले. ताई पायरीवर मटार सोलत होती. भावाचा चेहरा तिने एका नजरेत वाचला.

“नाही मिळाली?”

“नाही.”

“का रे?”

खरं उत्तर सरांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते ऐकल्यावर ताईचा चेहरा कसा होईल, हेही त्यांना दिसलं. तो चेहरा रोज जेवताना समोर असणार होता.

“उशीर झाला ताई,” ते म्हणाले. “तुझी सही आली तोवर त्यांचं मन बंदराकडे वळलं होतं. दोन महिने आधी दिली असतीस तर…”

ताईचे हात थांबले. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पहिल्यांदाच भावासमोर मान खाली घालून उभी राहिली.

“तुझी जन्मभराची मेहनत माझ्या हट्टापायी मातीत गेली रे. मला माफ करशील?”

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.