केशरी मडगार्ड

तिसऱ्या दिवशी चौथ्या फाट्यावरही टायटसच थांबला, तेव्हा ओटिलीचं डोकं फिरलं.

"काढ ती मोटरसायकल," ती ओरडली. "पाळी माझी आहे. नियम कुणी केला? तुझ्या आजोबांनी?"

"राहू दे ना, ताई. मी थांबतो. तू हो पुढे."

"मी कुठे व्हायचं ते मला शिकवू नकोस. नीघ."

नियम खरंच तिचा होता. वाळवंटात कुणी कुणाची धूळ खात नाही, अंतर ठेवून चालतात. फाटा आला की दुसऱ्या नंबरच्यानं तिथं उभं राहून मागच्यांना वाट दाखवायची. सगळ्यात शेवटचा आला की त्याच्या पुढे लागायचं. शेवटचा कधी कुणाला ओलांडत नाही. दर वर्षी खोरिक्सास गावापासून समुद्रापर्यंत पाच दिवस, आणि अशी एकोणीस वर्षं, हा नियम कुणी मोडला नव्हता. या वर्षी मात्र फाटा जवळ आला की टायटस मागून सुसाट यायचा, तिला ओलांडायचा आणि स्वतः थांबायचा.

टायटस निघून गेला. ओटिली उरली.

तिनं हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. नदीचं कोरडं पात्र समोर होतं, असावं. सगळं पांढरं झालं होतं. वाळू कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते तिला फेब्रुवारीपासून तर मुळीच कळत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती सांभाळा. तो कागद तिनं पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

काढणार कशी? चार वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच होसेआचे हात थरथर कापायला लागले, तेव्हा तिनंच सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "बस झालं, होसेआ. उद्यापासून तू सामानाच्या गाडीत." तेव्हापासून होसेआ दर वर्षी सामानाच्या गाडीत बसून मोठ्या रस्त्यानं येतो आणि खड्ड्यांत सांडू नये म्हणून लापशीचं पातेलं मांडीवर धरतो. त्या पातेल्याची आठवण झाली की ओटिलीला रात्री झोप लागत नसे. तीस वर्षं दवाखान्याच्या औषधांच्या पेट्या घेऊन याच वाळूतून मोटरसायकल हाणलेली बाई ती. पातेलं धरायला जन्मली नव्हती.

म्हणून या वर्षी मनगट दुखतंय असं सांगून तिनं पुढचा मान एलिफासला दिला आणि स्वतः त्याच्या मागे लागली. एलिफास गोगलगायीसारखा चालवत होता, त्यावरूनही तिनं त्याला दोन दिवस सोलून काढलं. शिवाय एलिफास, टायटस आणि इसास्कर या तिघांनी आपापल्या गाड्यांची मागची मडगार्डं भडक केशरी रंगवून आणली होती. "ही काय वरातीची घोडी आहेत का रे?" असं ती निघतानाच म्हणाली होती. तिघं दात काढत राहिले होते.

कालचं मात्र तिच्या मनातून जात नव्हतं. वाटेवर जुन्या पूर्वजाचा दगडांचा ढीग लागतो. जाणाऱ्यानं त्यावर एक दगड ठेवायचा, तर वाट नीट पोचवते. तिनं ठेवलेला दगड दगडावर वाजलाच नाही. भसकन वाळूत गेला. तिनं कान टवकारले. फक्त टायटसचे दोन दगड ढिगावर एकामागून एक वाजले.

"दुसरा कुणाचा? सासूचा?" तिनं विचारलं होतं.

"हो, सासूचाच," टायटस म्हणाला होता.

इंजिनाचा आवाज आला. शेवटचा, इसास्कर. ती त्याला आवाजावरून ओळखायची, त्याची गाडी म्हाताऱ्या गाढवासारखी खोकते. तिनं हात वर केला, गाडी चालू केली आणि त्याच्या पुढे लागली. समोर कुणीच नव्हतं. नुसता पांढरा उजेड. वीस हात. तीस हात. पुढचं चाक कशावर तरी आदळलं, हातातली मूठ फिरली आणि ती गाडीसकट वाळूत आडवी झाली.

इसास्करनं गाडी उचलली. तिच्या पाठीवरची वाळू झटकली. तिनं त्याला शिवी दिली नाही. दोघांनाही ते जाणवलं.

मग तो आपल्या गाडीवर बसला आणि सरळ तिच्या पुढे गेला.

"ए! शेवटचा ओलांडत नाही!"

"आज ओलांडतो. ये माझ्या मागे."

त्या पांढऱ्या उजेडात फक्त एक ठिपका उरला होता. केशरी. थरथरणारा, पण स्वच्छ. तो हलला की तिला वाट दिसत होती.

ती जागची हलली नाही.

"कधीपासून माहीत आहे?" तिनं विचारलं.

इसास्करनं इंजिन बंद केलं. "गेल्या वर्षी तू एका शहामृगाला माझं नाव घेऊन शिव्या घातल्यास. चांगला पाव तास."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू स्वतःच सामानाच्या गाडीत जाऊन बसली असतीस. नियम तुझाच ना."

वारा सुटला, वाळू तिच्या बुटांवरून सरसरत गेली. तिनं हेल्मेटची काच पुसली, उगाचच. मग क्लच दाबला.

"रंग फिका मारलात, मेल्यांनो," ती म्हणाली. "आणि ऐक. एलिफासला म्हणावं, उद्या तुझी गाडी होसेआला दे आणि पातेलं तू धर. होसेआ हळू चालवेल. माझ्या पुढे तोच बरा."