आईचं इष्टलिंग

आईच्या हृदयाला भोक होतं. या वयात छाती उघडली तर ती टेबलावरून उठणार नाही, म्हणून डॉक्टर मांडीच्या शिरेतून छत्रीसारखी बारकी चकती नेऊन ते बुजवणार होते. सिस्टर म्हणाली, “गळ्यातलं काढा.” आईनं इष्टलिंगाची चांदीची डबी आवळली. “आमच्या लिंगायतांत जीव हाय तवर हे उतरवत न्हाईत.” मी सिस्टरच्या विनवण्या केल्या. सिस्टर “मुठीत असू द्या” म्हणाली. डबीतलं लिंग मी आईच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि दचकलो. मागच्या साली सोनपेठला वडील वारले तेव्हा त्यांना समाधीत बसवून पुरताना त्यांच्याही डाव्या हातात मीच लिंग ठेवलं होतं. आईनं माझं तोंड बघितलं, लिंग माझ्याच मुठीत कोंबलं. “धर. घ्यायला मला यावंच लागंल.” आत नेताना तासाभराचं काम सांगितलं होतं. तिसरा तास चालू आहे. लिंग थंड पडू नये म्हणून मी मूठ उघडलेली नाही.