पंखाखालची काच

मुख्य शास्त्रज्ञांना आपल्या हाताखालची माणसं म्हणजे निव्वळ खोगीरभरती वाटायची.

ढगांच्या अभ्यासाला निघालेलं त्यांचं विमान ढगात शिरलं. पंखाखालचा कॅमेरा टिपत असलेल्या थेंबांच्या सावल्या पडद्यावर धावू लागल्या. एक डाग मात्र जागचा हलेना.

“काचेवर फडकं मारायची अक्कल नाही, आणि म्हणे संशोधक!” ते सहायिकेवर खेकसले.

“सर, ढगात शिरेपर्यंत काच स्वच्छ होती. हे बघा, आधीची चित्रं.”

“मग काय, ढगात बसलेल्या कुणी बोट लावलं?” स्वतःच्याच विनोदावर ते फिसकन हसले. “त्यालाच सांग मग पुसायला.”

 ती नुसती पडद्याकडे बघत राहिली, म्हणून त्यांनीही पाहिलं.

कडेनं चार बोटांची सावली आत आली, आणि अगदी निगुतीनं तो डाग पुसू लागली.