ह्यांची सायकल

"ह्यांची सायकल आहे," बाई म्हणाल्या आणि टेम्पोवाल्याला ती दुकानाच्या पायरीशी उतरवायला सांगितली.

चाकवाले हातातलं काम टाकून पायरीवर आले. मागचं चाक दुमडून पार फ्रेमला चिकटलं होतं, सीट तिरकी होऊन लोंबत होती.

"मिस्टर कसे आहेत?" त्यांनी आधी तेच विचारलं.

परवापासून शुद्धीवर नाहीत, असं बाईंनी खाली बघत सांगितलं.

चाकवाले हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. वाकड्या चाकाचा आउट काढून ते सरळ फिरतं करण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्याच सायकलला एका व्हॅनने कट मारला आणि तेव्हापासून ते डावा पाय ओढत चालायचे. ती व्हॅन शेवटपर्यंत सापडली नाही. त्यामुळे गाडीवाल्यांचा विषय निघाला की त्यांचं डोकं फिरायचं, आणि पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकालाही अर्धा तास सगळं ऐकून घ्यावं लागायचं. त्यांच्या दुकानात हवा फुकट मिळते ती अशी, असं त्यांची बायको म्हणायची.

ते सायकलीजवळ उकिडवे बसले आणि चाकावरून हात फिरवत राहिले. ज्योतिषी लोकांचे हात बघतात, तसे हे गृहस्थ चाकं बघायचे.

"गाडी मागून आली," ते म्हणाले. "पुढचा कोपरा लागलाय. आणि ब्रेक मारलाच नाही."

"नाही मारला," बाई म्हणाल्या.

मागच्या मडगार्डवर बोटभर लांब निळा ओरखडा होता. सायकल काळी, तेव्हा हा रंग त्या गाडीचाच. चाकवाल्यांचा आवाज चढला. ह्याला हात लावू नका म्हणाले, एवढ्या रंगावरून गाडी शोधता येते. आपल्या वेळी एवढासुद्धा पुरावा नव्हता. हवं तर आत्ता दुकान बंद करून पोलिसांकडे सोबत येतो, असंही त्यांनी सांगितलं. एक तरी माजोरी गाडीवाला सापडावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाईंचे डोळे भरून आले.

"ते घरी आले की पहिली सायकल बघतील," त्या म्हणाल्या. "त्यांना हा रंग दिसायला नको. मला तर बघवतच नाही. कुठे काही झालंय असं वाटता कामा नये, एवढं करा माझ्यासाठी."

पोलिसांनी ही पाहिली का, असं चाकवाल्यांनी विचारलं, तर बाईंनी होकारार्थी मान हलवली. कोणाच्या दुःखात आपली मतं घुसडण्याएवढे ते कोडगे नव्हते. दवाखान्यातून हलता येत नाही म्हणून बाईंनी घरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि सायकल तिथेच पोचवायला सांगितली.

दोन दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. रिम बदलली, आरे नवे घातले, चाक फिरवून फिरवून केसभरसुद्धा आउट ठेवला नाही. फ्रेमचे पोचे काढले. मडगार्डवरचा ओरखडा घासताना मात्र त्यांचा जीव तुटत होता. तीन वेळा पॉलिश पेपर खाली ठेवला आणि तीन वेळा परत उचलला. शेवटी तिथे इतकी चकाकी आली की त्यांना त्यात स्वतःचं तोंड दिसलं.

सायकल ते स्वतः चालवत घेऊन निघाले. पुलावर एक गाडी कानाशी भोंगा वाजवत इतक्या जवळून गेली की तिचा आरसा त्यांच्या कोपराला घासला. काच खाली करून आतला माणूस वर यांनाच शिव्या देत गेला. चाकवाले सायकल कठड्याला लावून खाली उतरले. दवाखान्यात पडलेल्या त्या माणसाला धडकेच्या क्षणी काय वाटलं असेल, हे त्यांना नको इतकं स्पष्ट कळलं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दुखऱ्या पायाने, सायकल खांद्यावर घेऊन ते वर चढले. दार उघडंच होतं. आत एक पोलीस वहीत काहीतरी लिहीत होता. खिडकीजवळच्या खुर्चीत रडून डोळे सुजलेली एक बाई बसली होती. पेशंटची बहीण असावी, असं त्यांना वाटलं.

सायकल दिसताच पोलीस ताडकन उठला.

"ही कुठे मिळाली तुम्हाला? अपघात झाला तिथून गायब होती. पेशंट बोलत नाही, पाहिलेलं कुणी नाही. जे काय सापडणार ते हिच्यावरच."

तो मागच्या चाकाशी वाकला आणि मडगार्डवरून बोट फिरवत गेला. बोट कुठेच अडलं नाही.

"इथे निळा रंग होता," चाकवाले चाचरत म्हणाले. "मीच घासून काढला."

"कोणी सांगितलं काढायला?"

"ह्यांच्या मिसेसनी."

पोलिसाने सावकाश मान वळवून खिडकीकडे पाहिलं. खुर्चीतली बाई उठून उभी राहिली.

"ह्यांची मिसेस मी आहे," ती म्हणाली.