खांद्याजवळचं सॉकेट

नदीकाठचा तळमजल्यावरचा फ्लॅट बघून नात बागडायला लागली, जावई तर हरखलाच. "सुट्टीत आपण राहायचं, एरवी भाड्याने द्यायचा. पैसा वसूल!" सासऱ्यांचा जन्म वायरिंगच्या कामात गेलेला. मोबाइल चार्जिंगला लावायला ते सवयीने वाकले, तर खाली सॉकेटच नाही. ते होतं थेट खांद्याजवळ. बेडरूममध्येही तसंच, स्वयंपाकघरातही. "वाकायला नको, काका," एजंट हसला. "मालकांनी मुद्दाम वर घेतलीत." मग तो कागद घेऊन जावयामागे बाल्कनीत गेला. सासऱ्यांनी खिशातल्या टेस्टरने सॉकेटची प्लेट खोलली. आत वाळलेला गाळ गच्च बसला होता. पुराच्या धास्तीने सॉकेटं वर चढवलेली, आणि पाणी तिथेही पोचलेलं. "जावईबापू, थांबा—" "झाल्यासुद्धा सह्या!" पेनाला टोपण लावत जावई आत आला. नातीने आनंदाने धावत येऊन आजोबांच्या कमरेला मिठी मारली. तिचं डोकं तिथवरच पोचत होतं.